एकवीस अक्षरे

एखाद्या घराची खरी ओळख करून घ्यायची असेल तर पाहुण्याने त्याच्या माळ्यावर चढावे, असे माझे जुने मत आहे. दिवाणखान्यात माणसे दाखवायचे ते ठेवतात. माळ्यावर टाकवत नाही ते ठेवतात. पाळण्याचा एक दांडा, आजोबांची फुटकी पानपेटी, दांडी नसलेला तराजू, कोणाच्या तरी लग्नातला पितळी समईचा वरचा अर्धा भाग. दर दिवाळीला या वस्तू खाली उतरतात, फडक्याने पुसल्या जातात, 'याचे आता काय करायचे?' असा प्रश्न निघतो, आणि त्याचे उत्तर न मिळताच त्या पुन्हा वर जातात. वाचकहो, तुमच्याही घरी हा सोहळा होत असेलच.

आमच्या अंजनगाव सुर्जीच्या घरात माळ्यावर असाच एक खोका होता. आत एक काळी पेटी. पेटी कसली, जाडशा वहीएवढी पाटीच ती. तिच्यावर करड्या रबराच्या चाळीस कळा आणि कोपऱ्यात तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगांचा तिरपा पट्टा. शेजारी एक कॅसेट रेकॉर्डर, चौकोनी खिळ्यांचा विलायती प्लग, आणि निळ्या शाईने 'हिशेब' असे लिहिलेली एक कॅसेट. हा माझ्या थोरल्या भावाचा, दादांचा, घरगुती संगणक. दादा इथल्याच शाळेत गणित शिकवीत. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

यंदा घराचा मागचा सोपा पाडायचा ठरला, तेव्हा माळा रिकामा करणे आलेच. पुतण्या पुण्याला असतो. त्याने फोनवर सांगितले, "काका, असल्या जुन्या यंत्रांचे शौकीन असतात. बंद असले तरी घेतात. मी एकाशी बोललो आहे, पार्सल करून टाका." मी वहिनींना विचारले. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, एकदा चालू करून पाहा. मग कोणाले द्यायचा त्याले द्या."

जे विकायचेच ते आधी दुरुस्त कशाला करायचे, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण वहिनी मागणाऱ्यांपैकी नव्हेत. पन्नास वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. मी खोका उचलला.

या यंत्राचे नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडात सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ते एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणले. मोठ्या स्मरणाच्या नमुन्याची किंमत होती १७५ पौंड. त्या काळी संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीत राहणारे बडे प्रस्थ. हे मात्र घरच्या टीव्हीला जोडायचे, आणि पोराटोरांनी बडवायचे. तिकडे असे लाखो संगणक खपले. आपल्याकडे १९८४-८५ साली सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक दिले. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने याच यंत्राची 'प्लस' आवृत्ती इथे विकली.

आमचे यंत्र मात्र अस्सल विलायती. नात्यातले एक डॉक्टर १९८५ साली इंग्लंडहून परतले, त्यांनी ते दादांसाठी आणले. मुंबईहून मूर्तिजापूरपर्यंत मोठ्या गाडीने, आणि तिथून आमच्या 'शकुंतले'ने. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी आमची अरुंद रुळांची गाडी. १९९४ सालापर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, आणि तेही १९२१ साली मँचेस्टरला घडवलेले. तेव्हा पाहुणे यंत्र आपल्याच मुलखातल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर बसून अंजनगावात आले म्हणायचे. पुढे ती गाडीही थांबली.

यंत्र आले, पण बोलेना. ते आपले चित्र टीव्हीच्या यूएचएफ लहरींवर पाठवी, आणि आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला व्हीएचएफचीच बारा घरे ठाऊक. आमच्या गावाचे नाव इतिहासात आहे ते ३० डिसेंबर १८०३ रोजी इथे शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे. दुसरा तह १९८५ साली आमच्या घरात झाला, तो या इंग्रजी यंत्रात आणि आमच्या देशी टीव्हीत. तो घडवून आणला गावातल्या रेडिओवाल्या भाऊंनी. त्यांनी यंत्र उघडले, आतल्या आत चित्राची मूळ तार शोधली, लहरींच्या डबीला वळसा घालून ती बाहेर काढली, आणि टीव्हीच्या पोटात नेऊन जोडली. वेतनाच्या रकमेतून दादांनी त्यांना किती दिले ते मला ठाऊक नाही. पण त्या रात्री गल्लीतली वीस माणसे आमच्या ओसरीवर बसून पडद्यावरचे एक वर्तुळ पाहत होती, एवढे आठवते.

रेडिओवाले भाऊ आज ऐंशीच्या घरात आहेत. दुकान तेच आहे. भाऊंनी रेडिओ दुरुस्त केले, मुलाने टीव्ही केले, आता नातू मोबाइल करतो. मी खोका काउंटरवर ठेवला तेव्हा नातू म्हणाला, "आबा, हे आता कोणी रिपेर करत नाही."

"कोणी करत नाही म्हणूनच त् आपल्याकडे आलं," भाऊ म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.

खालचे पाच स्क्रू निघाले. वरचे झाकण हलक्या हाताने उचलावे लागते, कारण कळांखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा दोन पट्ट्यांनी खालच्या पाटीला जोडलेला असतो. भाऊंनी आत पाहिले, बोटाने एका जागी थांबले आणि हसले. "हा डाख माह्या हातचा हाय." चाळीस वर्षांपूर्वीची ती तार जशीच्या तशी होती. नातवाने वाकून पाहिले. मला वाटते, त्या क्षणापासून ते काम त्याचेही झाले.

दुरुस्ती म्हणजे काय, याचा मी त्या पंधरा दिवसांत पुष्कळ विचार केला. माणसे समजतात, दुरुस्तीला हातात कला लागते. कला लागतेच, पण आधी संशयाला शिस्त लागते. सगळ्यांवर एकदम संशय घेणारा माणूस काही दुरुस्त करू शकत नाही, घरातले भांडणसुद्धा. एकेकाला उभे करायचे, त्याची साक्ष घ्यायची, निर्दोष ठरला की बाजूला बसवायचे.

पहिली साक्ष वीज देणाऱ्या डबीची. तिच्यावर नऊ व्होल्ट लिहिलेले, पण मीटरने तेरा दाखवले. मी चमकलो. भाऊ शांत. "रिकामी हाय म्हणून. बैलगाडी रिकामी असली की बैल पळतेच." ओझे लावल्यावर आकडा खाली आला. या डबीची आणखी एक तऱ्हा अशी की तिच्या पिनेचे मधले टोक ऋण असते. बहुतेक डब्यांचे धन असते. हाताशी आली म्हणून दुसरीच डबी लावली तर यंत्राचा कपाळमोक्ष ठरलेला. भाऊंनी डबीवर पांढरा रंग लावून खूण केली, मगच पुढे गेले.

दुसरी साक्ष कपॅसिटरांची. आतला ओलावा काही दशकांत सुकतो, म्हणून ते सगळे सरळ बदलले. तिसरी साक्ष व्होल्टेजची. या यंत्राच्या जुन्या स्मरणचिपांचे लाड फार: त्यांना पाच व्होल्ट लागतात, बारा लागतात, आणि उणे पाचही लागतात. उणे पाच गेले आणि बाकीचे राहिले तर चिपा जळतात. तिन्ही ठीक निघाले.

मग नातवाने दुकानातल्या सपाट टीव्हीच्या पिवळ्या खाचेत ती चाळीस वर्षांची तार लावली, आणि बटण दाबले. पडद्यावर अक्षर नाही. नुसत्या उभ्या रेघा. लुगड्याच्या काठासारख्या सरळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर.

"गेलं," नातू म्हणाला.

"गेलं नाही. सांगून राह्यलं," भाऊ म्हणाले.

ते काय सांगत होते, ते नातवाने मोबाइलवर यंत्राचा नकाशा काढून मला समजावले, आणि मला ते फार आवडले. या संगणकाच्या स्मरणातली पहिली सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी घरे आठ चिपा मिळून सांभाळतात. प्रत्येक घरात आठ खण. तुम्हांला वाटेल, एकेका चिपेने दोन-दोन हजार घरे वाटून घेतली असतील. तसे नाही. प्रत्येक घरातला पहिला खण एका चिपेचा, दुसरा खण दुसरीचा, अशी वाटणी. त्यामुळे एक चिप मेली की साऱ्या गावातल्या प्रत्येक घराचा तोच तो खण मोडतो. पडद्यावरचे चित्रही याच घरांत राहते. एका घराचे आठ खण म्हणजे पडद्यावरचे शेजारशेजारचे आठ ठिपके. म्हणून दर आठ ठिपक्यांमागे एक ठिपका खोटा, आणि खोट्या ठिपक्यांची मिळून रेघ. आठांत कितवा ठिपका खोटा हे मोजले की कितवी चिप खोटी ते कळते. आजारी माणूसच वैद्याला आपल्या रोगाचे नाव लिहून देतो, असा हा प्रकार.

नातू भिंग घेऊन ठिपके मोजू लागला. भाऊंनी तोवर दुसरेच केले. यंत्र पाच मिनिटे चालू ठेवून त्यांनी आठही चिपांवर एकेक करून बोट टेकवले. एकीवर बोट ठेवले आणि झटकन उचलले. "हे पाह्य. हिले ताप हाय." नातवाचे मोजून झाले. तीच चिप.

याच यंत्रातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वरच्या बत्तीस हजार घरांसाठी ज्या आठ चिपा बसवल्या, त्या मुळात दुप्पट घरांच्या. पण कारखान्यात त्यांचा अर्धा भाग नासका निघालेला. अशा चिपा स्वस्तात विकत घेऊन, त्यांचा चांगला तेवढा अर्धा भाग वापरून हे यंत्र मध्यमवर्गाच्या खिशाला परवडेल असे केले होते. भाऊंना हे ऐकून फार आनंद झाला. "म्हणजे आपल्यावाणीच बुद्धी," ते म्हणाले.

नवी चिप पुण्याहून पुतण्याने मिळवून धाडली. ती येईपर्यंत बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत मी खोक्यातली दादांची चौकटीची वही चाळत बसलो. पानापानावर आठ गुणिले आठ चौकटी, आणि काही चौकटी पेन्सिलने भरून काढलेली देवनागरी अक्षरे. या यंत्रात इंग्रजी अक्षरे आयती असतात; आपल्या मनाचे आकार घालायला मात्र फक्त एकवीस जागा. एकेक आकार चौसष्ट ठिपक्यांचा. एकवीस जागांत मराठी कशी बसवायची? दादांनी हिशेबी माणसाप्रमाणे ती बसवली होती. आमचा तेव्हा लहानसा पानमळा होता. अंजनगावचा पानमळा म्हणजे रोजचे पाणी, रोजची खुडणी आणि रोजचा हिशेब. त्यासाठी लागणारे शब्द त्यांनी वहीत मांडले होते: पान, मळा, जमा, खर्च. 'शिल्लक' लिहून खोडले होते, कारण त्याला तीन नवे आकार लागतात; त्याऐवजी 'बाकी' घेतले होते. प्रत्येक आकार असा पारखून, जागा वाचवून घेतलेला.

मी सगळे आकार सगळ्या शब्दांशी ताडून पाहिले. अठरांचा हिशेब लागला. तीन आकार मात्र कोणत्याच शब्दात बसत नव्हते. जागेची इतकी टंचाई असताना, 'शिल्लक' हा शब्द परवडत नसताना, गणिताच्या मास्तरांनी तीन जागा कशावर उधळल्या? मला उमगेना.

चिप आली. नातवाने जुनीचे सोळा पाय सोडवले, खाली बैठक बसवली, नवी दाबली. पडदा पांढरा झाला, आणि खाली एक इंग्रजी ओळ उमटली: कंपनीचे नाव आणि १९८२ साल. नातू ओरडला. भाऊंनी नुसते "हं" केले.

पण 'एच, जे, के, एल' आणि 'एंटर' या पाच कळा मुक्या. कळांखालच्या पडद्याची पट्टी वयाने ठिसूळ होऊन एका जागी चिरली होती, आणि त्या पाच कळांची वाट नेमकी तिथून जात होती. या यंत्रात 'जे' दाबला की एक अक्षर उमटत नाही, 'लोड' हा सबंध शब्द उमटतो; म्हणजे कॅसेटवरचे काही आत घ्यायचे तर 'जे' हवाच. असे नवे पडदे शौकिनांसाठी आजही तयार होतात. पुन्हा पुणे, पुन्हा टपाल. यंत्राचा मुख्य मेंदू, झेड-८० नावाची चिप, तिच्या कंपनीने २०२४ साली बनवणे बंद केले. आणि रबरी कळांखालचा पडदा मात्र नवा मिळतो. जगाची रीत अशीच असते. आमच्या नशिबाने मेंदू शाबूत होता.

रेकॉर्डरचा पट्टा चिकट होऊन विरघळला होता, तो बदलला. फीत वाचणारे डोके स्पिरिटने पुसले. आणि मग एका संध्याकाळी भाऊ, नातू, यंत्र आणि दुकानातला टीव्ही अशी सगळी वरात आमच्या ओसरीवर आली. हे घरीच चालवायचे, असा भाऊंचा आग्रह होता.

कॅसेट फिरू लागली. या यंत्राचा सगळा मजकूर आवाजात साठवलेला असतो. आधी एक लांब शीळ, आणि पडद्याच्या कडेला तांबडे-आकाशी पट्टे. मग शंभर रातकिडे एकदम भांडावे तसा कर्कश आवाज, आणि निळे-पिवळे पट्टे. अर्ध्यावर यंत्र थांबले आणि इंग्रजीत म्हणाले, फितीत चूक आहे. भाऊंनी बारीक पेचकस घेतला, डोक्याशेजारचा स्क्रू केसभर फिरवला, कान लावला, पुन्हा फिरवला. आवाज धारदार झाला तेव्हा थांबले. जुन्या फितीचे डोके ज्या कोनात लिहिते, त्याच कोनात ते वाचावे लागते. आम्ही फीत पुन्हा पहिल्यापासून लावली. तीन मिनिटे कोणी बोलले नाही. रातकिडे थांबले.

पडदा कोरा झाला, आणि मधोमध ठिपक्यांच्या ओबडधोबड अक्षरांत उमटले: 'कोण?'

मी नातवाकडे पाहिले, नातवाने भाऊंकडे. पुढे काय दाबायचे ते वहीत लिहिलेले नव्हते. मग वहिनी पुढे आल्या. पदराला बोटे पुसून त्यांनी एक कळ दाबली. शोधली नाही, दाबली. तेव्हा मला कळले की पानमळ्याचा हिशेब दादा लिहीतच नव्हते. दादा दिवसभर शाळेत असत. हिशेब वहिनी लिहीत.

पडद्यावर एक नाव उमटले. तीन अनोळखी आकार त्यात बसले होते.

ते वहिनींचे माहेरचे नाव. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून जुने नाव संपते. वहिनींचेही तसेच संपले. सासरी नवे नाव, माहेरी भाऊ 'बाई' म्हणत, मुलाची ती आई, माझी वहिनी. त्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस म्हणजे त्यांची आई, तीही कधीच गेली. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते माझे नाही. पण ज्या दादांनी तांदळात ते पुसले, त्यांनीच काही वर्षांनी एकवीस जागांतल्या तीन खर्च करून ते परत लिहिले होते, आणि रोज संध्याकाळी 'कोण?' असे विचारून ते वहिनींना दाखवीत होते. घरात मी होतो, मुलगा होता. आम्हांला कोणाला पत्ता नव्हता.

वहिनी थोडा वेळ पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, बंद केल्यावर हे त्यात राह्यते का?"

मी सांगितले की नाही. वीज गेली की यंत्राच्या स्मरणातले सगळे पुसते. नाव राहते ते कॅसेटवर.

"आन् पेटी नसली त् कॅसेट काय कामाची?"

त्याच रात्री मी पुतण्याला फोन केला. त्याने कॅसेटचा आवाज मोबाइलवर भरून पाठवायला सांगितले. असा आवाज ऐकून जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम आता असतात. तासाभराने त्याचा फोन आला. त्याच्या लॅपटॉपवर 'कोण?' उमटले होते, आणि वहिनींनी सांगितलेली कळ दाबल्यावर नाव उमटले होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आईचे हे नाव मला माहीतच नव्हते."

म्हणजे आता पेटीवाचूनही भागते. मी तसे वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "त्याचं त्याच्याकडे राहू द्या. ओवी पाठ झाली म्हणून कोणी जातं विकते काय?" शौकिनाला नकार कळवण्याचे काम पुतण्याने आपणहून पत्करले.

दुसऱ्या दिवशी मी पैसे द्यायला दुकानात गेलो. भाऊंनी पुष्कळ ओढाताण करून दीडशे रुपये घेतले आणि पावतीपुस्तक काढले. पुस्तक जुने होते, 'वस्तू' या रकान्यात छापलेलेच होते: रेडिओ. नातू म्हणाला, "आबा, ते खोडून कॉम्प्युटर लिहा." भाऊंनी पावतीकडे पाहिले, चष्मा वर सारला, आणि म्हणाले, "राहू दे. बोललं ना ते?" आणि तशीच फाडून माझ्या हातात दिली.